माझ्या नावाचं चिलट

माझ्या नावाचं एक चिलट आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, समता कॉलोनीतल्या माझ्या कोचिंग क्लासची पोरं तर रोज हसतात. मरून त्याला पाच कोटी वर्षं झाली आणि नाव मिळून जेमतेम सोळा. त्याच्या लॅटिन नावाच्या शेवटी ‘सुनंदी’ असं येतं. ती सुनंदा म्हणजे मी, सुनंदा वैरागडे, रेल्वेतल्या वैरागडे गार्डबाबूंची थोरली मुलगी. एका पोट्ट्यानं हे इंटरनेटवर शोधून काढलं आणि भर वर्गात म्हणाला, “मैम, आप तो फॉसिल निकलीं.” सगळा वर्ग खिदळला. मग दुसऱ्या एकीनं विचारलं, “मैम, इतना बड़ा ऑनर किसने दिया?” मी नेहमीसारखी हसून म्हटलं, माझ्या सरांनी. त्या हसण्याचा मला आता कंटाळा आला आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

लांजेवार सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचा खरा जीव होता अंबरात. अंबर म्हणजे झाडाची राळ, जमिनीखाली राहून राहून दगड झालेली. आत कधी मुंगी असते, कधी माशी, कधी कोळ्याचा नुसता एक पाय. गुजरातेतल्या कोळशाच्या खाणींत ते निघतं. खाणवाल्यांना त्याचं काही पडलेलं नसतं, ते कचऱ्यात टाकून देतात. सर दर दिवाळीच्या सुटीत तिकडे जायचे आणि चिवड्याच्या दोन मोठ्या डब्यांत भरून ते रायपूरला आणायचे. जाताना डब्यांत खरंच चिवडा असायचा, खाणीतल्या मजुरांसाठी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, केलेला. एकदा परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशानं मोठ्या आशेनं डबा उघडला होता म्हणे. सरांनी त्याला दुर्ग येईपर्यंत भिंगातून मुंग्या दाखवल्या, आणि तो बिचारा भुकेला उतरला.

रायपूरला बसून गुजरातच्या किड्यांचं काय करता, असं लोक त्यांना विचारायचे. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. ज्या झाडांच्या राळेचं हे अंबर झालं ती आपल्या सरईच्याच खानदानातली. सरई म्हणजे साल, आमच्या छत्तीसगढच्या जंगलात दुसरं आहे काय. “अवो, हे आपल्याच घरचं हाय,” सर म्हणायचे. “पाच कोटी वर्षाआधी चिकटलं ते कपाटात हाय, आज चिकटून राहिलं ते धमतरीच्या पुढं जंगलात हाय. दोन्ही बाजूले ठेवून पाहाले रायपूरपेक्षा चांगली जागा कोनती?”

उंचीनं बेताचे, आणि शर्टाचे खिसे कायम फुगलेले. एका खिशात भिंग आणि घड्या घातलेला पॉलिश पेपर, दुसऱ्यात सौंफ आणि अंबराचे खडे एकत्र. एकदा त्यांनी सौंफ समजून खडा चावला आणि दाढेचा तुकडा पडला. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी खडा तपासला, आणि आत काही नाही म्हणून दोन दिवस खट्टू होते. दाढेचं त्यांना काही वाटलं नाही.

घाई हा शब्द त्यांना सहन होत नसे. खडा घासायचा म्हणजे आधी जाड कागदावर, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्याखाली, बोटानं, आणि दर दहा वेळा घासल्यावर भिंग लावून बघायचं. एकदा जास्त घासलं की किड्याचा पाय गेला. मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिले आठ महिने माझ्या बोटांची कातडी निघत होती. मी कुरकुर केली की आतल्या किड्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “त्याले घाई नाही, मग तुले काहून हाय?”

सगळ्यात शेवटी खडा कापडावर चमकवायचा, आणि त्या कापडासाठी पंडरी, रायपूरचा कापडबाजार. पंडरीत थोकाचा, म्हणजे घाऊक धंदा, तिथं अर्धा मीटर मागणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. सर मला घेऊन एका मोठ्या दुकानाच्या गादीवर जाऊन बसले आणि मखमलीचं एक एक थान, म्हणजे अख्खा तागा, गालावर घासून बघू लागले. शेठजी आधी समजले लग्नाची खरेदी आहे. त्यांनी चहा मागवला. माझ्याकडे बघून “बिटिया की शादी है?” म्हणून विचारलं. सर म्हणाले, “नहीं, मच्छर पॉलिश करना है.” शेठजींचा चेहरा मी अजून विसरले नाही. “बाबूजी, यहाँ थान बिकता है.” सरांनी काही वाद घातला नाही. खिशातून एक खडा काढला, मखमलीच्या उलट्या बाजूवर पाच मिनिटं घासला आणि भिंगासकट शेठजींच्या हातात दिला. शेठजींनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग मुनीमजींना बोलावलं, मग समोरच्या दुकानदाराला. तासाभरात अर्धी गल्ली खड्यातली मुंगी बघून गेली. आम्ही निघालो तेव्हा माझ्या पिशवीत अकरा नमुन्याचे तुकडे होते, फुकटात, आणि सर रस्त्यात मला सांगत होते की जांभळ्या रंगाची मखमल लाल रंगापेक्षा मऊ असते. ती नसते. मी पुढं पंधरा वर्षं दोन्ही वापरल्या.

जंगलातलं एक सांगते, कारण ते सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. दर वर्षी सर आम्हाला सरईच्या जंगलात नेऊन प्रत्येकाला एक एक झाड वाटून द्यायचे. खोडाला चीर पडून राळ वाहत असते, तिच्यासमोर वही घेऊन तीन तास बसायचं आणि कोण चिकटतं ते लिहायचं. बाकीचे गाणी म्हणत, डबे उघडत. माझ्या झाडावर एक चिलट येऊन बसलं. आधी एक पाय अडकला. त्यानं दुसरा टेकवून जोर लावला, तोही अडकला. मी बघत राहिले. चाळीस मिनिटांनी ते पूर्ण आत गेलं. मान वर केली तेव्हा लक्षात आलं की माझ्यावर सावली आहे. सर मागं उभे होते, माझ्या डोक्यावर छत्री धरून. चाळीस मिनिटं ते उन्हात उभे होते आणि मला त्रास होईल म्हणून खोकलेसुद्धा नव्हते. म्हणाले, “तू खरी पाहानारी हायेस, बाई.” माझ्या बाबांनीसुद्धा माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. त्या दिवसानंतर सरांनी मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त कोणत्या विहिरीत एवढंच विचारलं असतं.

आता नावाचं. कीटकाची नवी जात सापडली की तिला नाव द्यायचा मान ती जगापुढे मांडणाऱ्याचा, म्हणजे ज्याच्या नावानं लेख छापून येतो त्याचा. पण या धंद्यात एक रिवाज आहे. लेख लिहिणारा आपलंच नाव आपल्या किड्याला देत नाही. कोणी दिलं तर जगभरचे लोक त्याला हसतात. सर हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा देवळातल्यासारखा व्हायचा. “नाव ही दुसऱ्याले द्यायची गोष्ट हाय.” त्यांनी नावं दिलीही दिलदारपणे. एक काकूंचं, एक खाणीतल्या मुकादमाचं. आणि एक आमच्या प्रयोगशाळेतल्या मनराखनचं.

मनराखन प्रयोगशाळेचा शिपाई. दहावी नापास, पण सरांपेक्षा त्याचा हात हलका. सरांनी एका वाळवीला त्याचं नाव दिलं आणि लेखाचं पहिलं पान फ्रेम करून त्याच्या घरी नेऊन दिलं. आम्ही सगळे गेलो होतो. मनराखनच्या आईनं ती फ्रेम देवांच्या फोटोंशेजारी लावली आणि तिलाही कुंकू लावलं. “दीमक हे दाई,” मनराखन आईला समजावत होता, “मोर नाव के दीमक हे.” म्हातारी म्हणाली, हव, पण नाव तर तुझंच आहे ना. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं. मी आजही म्हणते, ते अगदी खरं होतं. म्हणून तर मला पुढं काही संशय आला नाही.

माझं चिलट मला एका हरभऱ्याएवढ्या खड्यात सापडलं. सरांनी तो खडा रिकामा म्हणून बाजूला टाकला होता. मी उगीच घासला. पंखावरच्या शिरांची मांडणी कुठल्याच पुस्तकात बसेना. सर म्हणाले, पुन्हा पाह्य. मी पुन्हा पाहिलं. मग सव्वा वर्ष मी ते चिलट घासलं, मोजलं, त्याची चित्रं काढली, जगातल्या अशा सगळ्या चिलटांशी ताडून बघितलं आणि लेखाचा मसुदा लिहिला. सरांनी हिरव्या शाईनं तो तपासला. वर दोन नावं होती. आधी वैरागडे, मग लांजेवार. माझं नाव आधी त्यांनीच लिहिलं होतं, त्यांच्याच हिरव्या शाईत.

त्याच वर्षी सरकारी कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकांच्या जागा निघाल्या. मुलाखतीत छापलेल्या शोधलेखाला वजन असायचं, आणि वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. बाबा निवृत्त झाले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की हा लेख आला की सुनंदाची जागा पक्की, आणि नाही आला तर जन्मभर कोणाच्या तरी हाताखाली. सरांनाही ठाऊक होतं. अर्जावर शिफारस त्यांचीच होती.

एके दिवशी दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. जरा संकोचल्यासारखे उभे राहिले. “सुनंदा, एक गोष्ट विचारतो. ह्या चिलटाले तुझं नाव देतो म्हनतो. चालते का तुले?”

मी काय करावं? मी वाकून त्यांच्या पाया पडले. मला रडू आलं. मनराखननं पाणी आणून दिलं. रिवाज मला माहीत होता, मी स्वतः तो नव्या पोरींना शिकवत होते, की लेखकाला आपलं नाव आपल्या किड्याला देता येत नाही. ज्या क्षणी मी हो म्हटलं त्या क्षणी मी त्या लेखावरून उतरले, हे कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. मला नाही कळलं. दोन गोष्टी मला पाठ होत्या आणि त्या एकमेकींशेजारी ठेवायची अक्कल मला झाली नाही. एवढं मोठं माझ्या आयुष्यात कोणी दिलं नव्हतं हो. कोण कशाला हिशोब करत बसतं?

कॉलेजच्या वार्षिक समारंभात सरांनी ते जाहीर केलं. टाळ्या झाल्या. बाबांनी रेल्वे कॉलनीत घरोघरी पेढे नेऊन दिले, आणि चिलट म्हणजे काय हे त्यांना घरोघरी समजावून सांगावं लागलं. महाराष्ट्र मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. आई म्हणाली, पोरीचं नाव झालं. मग आठवड्याभरात छापलेला लेख आला. वर एकच नाव होतं, लांजेवार. माझं नाव खाली होतं, किड्याच्या नावात एकदा आणि शेवटच्या आभारांत एकदा, मनराखनच्या बरोबर.

मी सरांना विचारलं. ते जरा आश्चर्यानंच बघत राहिले. “अवं बाई, तू लेखक राहिली असती तर नाव कसं देता आलं असतं? लोक हसले असते आपल्याले. तुले तर माहीत हाय.” मला माहीत होतं. मी मान डोलावली.

मुलाखतीला पाच जण बसले होते. मी लेख पुढं ठेवला. मधल्या साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला. “मैडम, इसमें आप लेखिका कहाँ हैं?” मी सांगू लागले, सगळं काम माझं आहे, चित्रं माझी आहेत, हे नाव माझ्यावरून आहे. त्यांनी चष्मा काढला. “मतलब, इसमें आप लेखक नहीं हैं, कीड़ा हैं.” सगळे हसले. मीसुद्धा हसले. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते, की मीसुद्धा हसले.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मी पुन्हा सरांच्या टेबलाशी येऊन बसले. घरी बाबा एकदाच म्हणाले, “सरानं तुले बुडवलं का काय?” मी त्यांच्यावर ओरडले. माझे सर साधे आहेत, त्यांना या नोकरीच्या भानगडी कळत नाहीत, ते दुसऱ्या जगातले आहेत, असं काय काय बोलले.  पुढच्या वर्षी बाबा गेले, आणि मला कधी त्यांना सांगता आलं नाही की तुमचं बरोबर होतं.

आणखी चार वर्षं मी काम केलं. सर निवृत्त झाल्यावर कपाटं त्यांच्या पुरानी बस्तीतल्या घरी, वरच्या खोलीत हलवली. मी सकाळी जायची, दुपारी काकू जेवायला वाढायच्या. वडाभात केला की माझ्या वड्यावर तेल जरा जास्त. पोटच्या पोरीसारखं करायच्या.

सरांना पडद्यावर वाचायचा तिटकारा होता. आलेली प्रत्येक ईमेल आणि पाठवलेलं प्रत्येक उत्तर ते छापून घ्यायचे, पंच करायचे आणि फायलीत लावायचे. छापायचं काम माझं. मी सुटीवर असले की मनराखनचं. हलवाहलवीत त्या फायली विस्कटल्या होत्या, म्हणून एक दिवस मी लावायला बसले. माझ्या चिलटाची फाईल हातात आली. म्हटलं, बघू तरी. आत दोन कागद असे होते जे मी छापले नव्हते. मुलाखतीची तयारी करायला मी पंधरा दिवस सुटी घेतली होती, त्या दिवसांतले.

पहिलं पत्र परदेशातल्या नियतकालिकाच्या संपादकाचं होतं. पहिल्या मसुद्यात दोन लेखक होते, आता एकच दिसतो, असं त्यानं विचारलं होतं. अडचण फक्त नावाच्या रिवाजाची असेल तर ती सहज सुटते, लेख दोघांचा ठेवा आणि नामकरण तेवढं एकट्या तुमचं म्हणून नोंदवू, असं आम्ही नेहमी करतो. इतकं सरळ लिहिलं होतं. त्याखाली सरांचं उत्तर. तीन ओळींचं. कुमारी वैरागडे यांनी आपणहून नाव मागे घेतले आहे. त्यांना पुढे या क्षेत्रात नोकरी करण्याची इच्छा नाही. कृपया एकच नाव ठेवावे.

मी ते तीनदा वाचलं. मला पहिली गोष्ट काय वाटली असेल तर ही, की या माणसानं स्वतःविरुद्धचा पुरावासुद्धा नीट पंच करून तारीखवार लावून ठेवला आहे.

सर खिडकीशी बसून खडा घासत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, दोन्ही पत्रं पूर्ण वाचली, जशी पहिल्यांदाच वाचत असावीत.

“हव,” म्हणाले. “मीच लिवलं.”

“मी कधी नाव मागं घेतलं?”

“नाही घेतलं.”

“माझा इंटरव्ह्यू होता. तुम्हाले माहीत होतं.”

“माहीत होतं.”

“मग काहून केलं सर?”

त्यांनी मग कपाटाकडे हात केला. वीस खण होते, न घासलेल्या खड्यांनी भरलेले. “तुले जागा भेटली असती तर कुठं टाकलं असतं? जगदलपूर. नाही तर अंबिकापूर. मग हे कोन केलं असतं?” त्यांच्या आवाजात ना लाज होती, ना राग. पाऊस आला असता तर छत्री लागली असती, इतक्या साधेपणानं बोलत होते. “मले तुझ्यासारखी दुसरी भेटली नसती, सुनंदा. मी लय इचार केला. तुझं नुकसान होऊन राहिलं हे मले समजत होतं. म्हनून तर नाव दिलं ना तुले. ते कायमचं हाय.”

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. कप टेबलावर ठेवून खाली बघत म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हटलं होतं यांना, पोरीचं असं करू नका.” म्हणजे यांनाही माहीत होतं. इतके दिवस माझ्या पानात वाढताना माहीत होतं. सरांवर मी संतापले होते, पण काकूंच्या त्या वाक्यानंतर तिथं थांबणं मला जमलं नाही. मी चहा न घेता उतरले आणि पुन्हा त्या घरी गेले नाही.

लोकांनी मला बरंच ऐकवलं. गुरूशी असं तोडू नये, म्हाताऱ्याला आता तुझ्याशिवाय कोण आहे, एवढा मोठा मान दिला त्याचं काही नाही का. मनराखन एकदा घरी येऊन गेला. जाताना म्हणाला, “दीदी, ओ दिन मैं छापे रहेंव. पढ़े नइ जानंव.” ते कागद त्यानंच छापले होते, पण इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, यात त्याचा काय दोष? मीच त्याची समजूत काढली. माझी समजूत काढायला कोणी आलं नाही.

मी कोचिंग क्लासमध्ये लागले. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना मी बेडकाचं हृदय शिकवते. बरं चाललं आहे. भिंग मी पुन्हा हातात घेतलं नाही.

गेल्या फाल्गुनात, दुपारच्या बॅचच्या आधी, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या दारात सर उभे राहिले. दहा वर्षांनी बघत होते त्यांना. काठी आली होती. डोळ्यांवर पांढुरकं आलं होतं आणि ते माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत होते. “सुनंदाच ना?” म्हणाले. मी खुर्ची दिली.  रुमाल सोडून त्यांनी एक खडा टेबलावर ठेवला.

“हे पाह्य. मले अंदाज येऊन राहिला, आत काही तरी हाय. पन माझे डोळे गेले. डॉक्टर म्हनते आता काही होत नाही.” मग थांबून म्हणाले, “ह्या वेळी तुझं नाव पह्यलं टाकतो. एकटीचंच टाक पाहिजे तर. मले काही नको.”

वर्गातल्या कपाटात पोरांना शिकवायचा सूक्ष्मदर्शक होता. मी काढला, खडा खाली ठेवला, नळी फिरवली. हात आपोआप चालत होते. आत एक मादी चिलट होती. अंडी घालता घालता राळ अंगावर आलेली. पोटाशी अंड्यांची रांग होती, मी मोजली, सात. शेवटचं अर्धं बाहेर. इतक्या वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं, सरांच्या पुस्तकांतही पाहिलं नव्हतं. माझा श्वास अडकला. तो त्यांना ऐकू गेला असेल असं मला वाटलं.

“काय हाय?” सरांनी विचारलं. ते पुढं वाकले होते. दोन्ही हात काठीवर, आणि चेहरा असा, जसा निकालाच्या दिवशी माझ्या पोरांचा असतो.

राळेत हवेचे बुडबुडे असतात. नवख्या माणसाला ते किड्यासारखे दिसतात.

“बुडबुडा आहे, सर,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. दोन आहेत, एकमेकांना चिकटून.”

ते सावकाश मागं टेकले. एकदा तरी पुन्हा बघ म्हणतील असं मला वाटलं होतं. जन्मभर सगळ्यांना पुन्हा पाह्य म्हणणारा माणूस. पण ते म्हणाले, “तू म्हनते म्हनजे बुडबुडाच असन. दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तर मी मानलं नसतं.” खडा चाचपून त्यांनी उचलला, रुमालात बांधला आणि शर्टाच्या खिशात टाकला. उठताना म्हणाले, “चाल, मंग संध्याकाळी देवापुढं लावतो. तुझी काकू गेल्यापासून धूप मलेच लावा लागते.”

रिकामा निघालेला खडा त्या घरी निखाऱ्यावर जायचा. जाळला की छान वास येतो. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं, आणि खोटं बोलताना एकदाही आठवलं नव्हतं. काकू गेल्याचंही मला कोणी कळवलं नव्हतं.

मी म्हणू शकले असते, सर, द्या तो खडा, पोरांना दाखवायला ठेवते. त्यांनी लगेच दिला असता. एक वाक्य. ते जिना उतरत होते, एक हात भिंतीला लावून, प्रत्येक पायरीवर आधी काठी, मग पाय, मग दुसरा पाय. वीस पायऱ्या होत्या. माझ्याजवळ वेळच वेळ होता. माझ्या मनात काय होतं ते मी खोटं सांगणार नाही. मला बरं वाटत होतं, आणि माझी मलाच किळसही येत होती, दोन्ही एकदम.

दुपारच्या बॅचची पोरं वर येऊ लागली होती. त्यांनी बाजूला होऊन सरांना वाट दिली. मी खिडकीशी गेले. खाली ऑटो उभी होती. सर आत बसले, खिसा चाचपला, ड्रायव्हरला पुरानी बस्ती सांगितलं. मग बाहेर वाकून वर तोंड केलं आणि हात हलवला. माझ्या नाही, शेजारच्या दवाखान्याच्या खिडकीकडे बघून. मीही हात हलवला.